दडवलेला काठ

"इतिहासाले चेन नसते, मास्तरीणबाई," असं म्हणत शिवणाऱ्या बाईंनी मी हौसेनं लावून घेतलेली चोळीची चेन दोन मिनिटांत उसवून टाकली. मग पुढे गाठ मारून दाखवली. "तवाच्या बाया गाठच मारत. दम कोंडला तर कोंडू द्या. राणी व्हाचं हाये ना?"

आमची वसाहत भद्रावतीजवळची. ऐंशीच्या दशकात तिथे दर हिवाळ्यात महिला मंडळाचा ऐतिहासिक पोशाखांचा मेळावा भरायचा. रंगीत टीव्ही दोन-चार घरांत नुकता आला होता, पण त्या दुपारी तोही बंद. कोणी पेशवीण, कोणी सरदारीण, आणि सगळ्या मिळून नथ सांभाळत आलुबोंडे खायच्या. तुम्ही अशा वसाहतीत राहिला असाल, तर हसू नका. तुम्हीही हेच केलं असतं.

या सगळ्या राण्या घडवायच्या त्या एकट्या. आरमोरीकडच्या नाटकांचे अंगरखे शिवून त्यांचा हात तयार झाला होता. वसाहतीच्या फाटकाबाहेर एक खोली, एक मशीन आणि करारी जीभ. नायलॉन आणलं की परत. सदऱ्याला कॉलर मागितली की, "मावळा हापिसात जात होता काय?" साहेबांच्या बायकासुद्धा त्यांच्यापुढे शाळकरी मुलींसारख्या हात वर करून मापं द्यायच्या.

मी शाळेत शिकवायची आणि मंडळाची चिटणीसही होते. एका वर्षी माझं माप घेता घेता त्या म्हणाल्या, "यंदा माहंबी नाव लिवा. मी राणी होईन."

मी हसत म्हटलं, "अहो, राण्या भरपूर झाल्यात. तुम्ही दासी व्हा ना. तबक घेऊन उभ्या राहा." ते वाक्य आठवलं की आजही माझी मलाच चीड येते. त्या बौद्ध होत्या, फाटकाबाहेर राहत होत्या. मी तसा विचार करून बोलले नव्हते, पण विचार न करता तेच तोंडात आलं, हे जास्त वाईट.

त्यांनी दातानं दोरा तोडला. "तुमाले इतिहासच पायजे ना? आणीन मी."

मेळाव्याच्या दिवशी रेशमाच्या गर्दीत त्या जाडंभरडं, ठिकठिकाणी रफू केलेलं लुगडं नेसून आल्या. दागिना एक नाही. आमच्या अध्यक्षीणबाईंनी चष्मा वर केला. "हा कोणत्या काळातला पोशाख?"

"माह्या आजीच्या."

"पण याला काठ कसा नाही?"

"हाये ना. निऱ्यांच्या आत खोचला. आमच्या बायांले काठ दाखवाची मनाई होती गावात. दिसला तर मार भेटे. होतं तसंच नेसली, तपासून घ्या."

मागून कोणीतरी पुटपुटलं, "आनंदाच्या दिवशी कशाला हे विषय?"

त्यांना ते ऐकू गेलं. "मंग माहा आनंदबी पाहा," म्हणाल्या, आणि सगळ्यांदेखत निऱ्या सोडून त्यांनी पुन्हा खोचल्या. चार बोटं रुंद लाल काठ पावलांवर उतरला. "आमच्या घरच्या बाया असं नेसाले लागल्या तवा मी लहान होती. माह्या मायनं त्या दिवशी गावातून मुद्दाम दोन चकरा मारल्या."

मग त्यांनीही हॉलला एक चक्कर मारली, सावकाश, बाकीच्या राण्यांनी मारली तशीच. कोणी टाळी वाजवली नाही. मीही नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते.

बक्षीस एका पेशविणीला मिळालं. पुढच्या वर्षी मंडळानं ठरवलं की पोशाख पुरे झाले, आता पुष्परचना. तशी सूचना माझ्याच अक्षरात फलकावर लागली. ती सांगायला मी त्यांच्या खोलीवर गेले, तर मशीनवर गर्द हिरवं रेशीम. चांद्याच्या गोंड राणीचा पोशाख, त्यांच्या स्वतःच्या मापाचा. महिनाभर खपून शिवत आणलेला.

मी खाली मान घालून माफी मागितली. मेळावाच रद्द झाल्याचं सांगितलं. "आता हा कुठे घालणार?"

"अंगावर," त्या म्हणाल्या, आणि मशीन पुन्हा चालू केली.

त्या आता नाहीत. शेवटची काही वर्षं भावाकडे नागभीडला होत्या असं कळलं, मी भेटायला गेले नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे येतो तो पुष्परचनेचा दिवस. आम्ही झेंडूच्या फुलदाण्या घेऊन हॉलच्या पायऱ्यांवर उभ्या होतो. समोर रस्त्यावर चांद्याची एस.टी. थांबली. आणि थांब्यावर त्या. हिरवं रेशीम, खांद्यावर शेला, कपाळावर आडवं कुंकू, पायात रोजच्याच चपला.

कंडक्टर दारातून वाकला. "काऊन बाई, नाटक कुठी हाये?"

"नाटक नाई भाऊ. चांद्याले चालली, फोटो काढाले. सरक."

तो सरकला. पुढच्या सीटवरची आपली पेटी उचलून थट्टेनं म्हणाला, "बसा, राणीसाहेब."

त्या बसल्या. बस कधीच वळणाआड गेली, तरी आम्ही सगळ्या फुलदाण्या धरून तशाच उभ्या होतो.