नऊच्या आत गोंदिया

नागपुरातून निघाले तेव्हा डिसेंबरचं कोवळं ऊन काचेवर पसरलं होतं आणि हिवाळ्यासाठी गाडी तयार आहे, असं मला मनापासून वाटत होतं. गाडीसोबत आलेलं पुस्तक मी दोनदा वाचलं होतं. बॅटरी तपासून घेतली, वायपरचे रबर बदलले, कूलंट भरलं, टायरमधली हवा पाहिली.

ही सगळी तयारी आत्यासाठी होती. ती अर्जुनी मोरगावजवळच्या एका गावात राहते. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख गेल्या महिन्यात हुकली होती. धुक्यामुळे एसटी गोंदियाला उशिरा पोचली आणि दवाखान्याने तिचं नाव यादीतून काढलं. मुळात ती भीतभीतच तयार झाली होती. या वेळी नऊच्या आत पोचलो नाही तर आपण पुन्हा जाणार नाही, असं तिने फोनवर सांगून टाकलं होतं. बाबा कामासाठी बाहेरगावी होते, म्हणून गाडी नेण्याचं काम माझ्याकडे आलं. तोवर मी ती घर ते ऑफिस एवढीच चालवली होती.

सडक अर्जुनीला दुपारी एका ढाब्यावर जेवले. शेजारी ट्रकचे दिवे दुरुस्त करणाऱ्याचं टपरीवजा दुकान होतं. आत जाऊ की नको, असं करत मी बाहेर बराच वेळ उभी राहिले. शेवटी त्यानेच हाक मारली. गाडीभोवती एक चक्कर मारून त्याने सांगितलं की मागचा डावा दिवा बंद आहे. पुस्तक वाचण्याच्या नादात मी गाडीच्या मागे गेलेच नव्हते. त्याने बल्ब बदलला, पुढच्या दिव्यांवर पिवळा कागद चिकटवला आणि म्हणाला, "मॅडम, धुईत (धुक्यात) अप्पर मारू नका. समोर भिंतच दिसते. डिप्परवर चला. अन् धानाच्या ट्रॅक्टरवर भरवसा नका ठेवू, त्यायच्या मागं लाइटच नसते." मी फक्त मान हलवली.

नवेगावबांधच्या पुढे रस्ता जंगलातून जातो आणि मग एकदम मोकळं होतं. धान कापून झालं होतं. बांध्यांमध्ये (भातशेतीच्या वाफ्यांमध्ये) लाखोरीची (लाखेच्या डाळीची) हिरवी पोपटी रोपं उगवली होती, घराघरांशेजारी तणशीचे (भाताच्या पेंढ्याचे) उंच ढीग रचलेले होते. संध्याकाळी आत्याने लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि गरम भात वाढला. ती स्वतः जेवली नाही. पिशवी भरून दाराशी ठेवली होती, पण त्या पिशवीकडे बघायचं ती टाळत होती.

मामाजी, म्हणजे आत्याचे यजमान, आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेले. जेवणानंतर त्यांनी बोनेट कसं उघडतं ते विचारलं. मी दाखवलं आणि आत आले. का हवंय, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मोठ्या माणसांना असं विचारणं मला जमत नाही.

पहाटे साडेपाचला निघालो. मामाजी माझ्या शेजारी, आत्या मागे. धुई इतकी दाट होती की रस्त्याची पांढरी पट्टी दोन हात पुढेच संपत होती. मामाजींनी काच खाली केली आणि कान बाहेर लावून बसले. समोर काही दिसण्याआधी ते "ट्रॅक्टर" म्हणायचे आणि मी वेग कमी करायचे. प्रत्येक वेळी खरंच ट्रॅक्टर निघायचा, पोत्यांनी भरलेला, बिनादिव्याचा. जंगल पार व्हायला तासाच्या वर लागला.

उजाडल्यावर धुई विरळ झाली. मी वेग वाढवला आणि कोहमाऱ्याच्या अलीकडे माझं लक्ष इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे गेलं. तो अर्ध्याच्या वर होता. थोड्या वेळाने आणखी वर. मी काही बोलले नाही. गाडी थांबली की आत्या घरी चला म्हणेल, याची मला भीती होती. मामाजी पण त्या काट्याकडेच बघत होते. तेही काही बोलत नव्हते. काटा लाल रेघेला टेकला तेव्हा मी गाडी कडेला घेतली.

मामाजी खाली उतरले आणि बोनेटसमोर उभे राहून हळूच म्हणाले, "बाई, आतमंदी बारदाना हाय."

थंडीत इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून इकडे ट्रॅक्टरच्या जाळीपुढे बारदाना, म्हणजे रिकामं पोतं, बांधतात. चांगल्या गाडीला ते बाहेरून शोभणार नाही, म्हणून त्यांनी ते आतून, रेडिएटरच्या पुढे बसवलं होतं. मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलं?

"तू शिकलेली पोरगी. गावठी काम म्हणून हासशीन, असं वाटलं. म्हटलं, धुई सरली का गुपचूप काढून टाकतो. मंग तू थांबूनच नाही राहिली."

तापलेलं पोतं काढून ते बाटली घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला वाकले. तेव्हा मी मोठ्याने, जवळजवळ ओरडूनच, "हात लावू नका" म्हणाले. त्यांनी हात मागे घेतला. आतलं पाणी उकळतंय, अंगावर उडेल, वीस मिनिटं थांबावं लागेल, हे मी सावकाश सांगितलं.

आत्या दार उघडून बसली होती. गोंदियाकडून आलेली एक एसटी समोर थांबली, तिच्या गावाकडेच जाणारी. आत्याने बसकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"मी तिकडं डोळा कापाले चालली, अन् तुमी दोघं एकमेकाले लाजून राहिले," ती म्हणाली. "जाऊ दे त्या एसटीले. चाला, बसा गाडीत."

बस निघून गेली. काटा उतरल्यावर आम्हीही निघालो. गोरेगावच्या पुढे मामाजी मला कुठे वेग वाढवायचा ते सांगत होते आणि मी काटा किती आहे ते त्यांना मोठ्याने सांगत होते. दवाखान्याच्या दाराशी नऊला सात मिनिटं कमी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो. आत्या काळा चष्मा लावून पुढे बसली होती. जाताना मी भरपूर तयारी केली होती, पण ती सगळी एकटीने, कोणालाही न विचारता केलेली होती. माझ्यासारखीच भीड मामाजींच्याही मनात असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. शिकलेल्या माणसाचं गप्प राहणं समोरच्याला तोऱ्यासारखं दिसू शकतं, हे त्या पहाटेपर्यंत मला माहीत नव्हतं.

कोहमारा मागे पडल्यावर आत्याने विचारलं, "दुसरा डोळा कवा करतेत?"

डॉक्टरांनी महिन्याने या म्हटलं होतं, ते मी सांगितलं. आणि ती पुढे काही बोलायच्या आत म्हणाले, गाडी मीच घेऊन येईन.