पंखांची घोरपड आणि टेलचं पाणी

माझ्या हातून आयुष्यात एकच ड्रॅगन मेला, आणि त्या पराक्रमानंतर बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्याचं असं झालं. माझे सासरे, म्हणजे आमचे आबा, सणसरला उसाला पाणी देताना पाण्याच्या चारीत घसरले आणि नडगीचं हाड मोडून बसले. ऑपरेशन आमच्या बारामतीत झालं. पायात रॉड बसला. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, त्याची काळजी नको. पण सहा आठवडे रोज चालवा, गुडघा वाकवून घ्या, नाहीतर पाय आखडेल आणि माणूस कायमचा लंगडेल. तेव्हा सहा आठवडे आबांनी आमच्याकडे राहायचं असं सर्वानुमते ठरलं. सर्वांमध्ये आबा नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. बायकोने ती रिकामी केली. चौथ्या दिवशी पुन्हा भरली. व्यायाम शिकवायला फिजिओथेरपीवाल्या बाई घरी यायच्या, त्यांना आबा म्हणाले, "बाई, पाय हलवून काय ऊस वाढतोय व्हय?" आणलेला वॉकर कोपऱ्यात उभा होता. त्यावर टॉवेल चांगला वाळायचा.

आमच्या मुलीचं कॉलेज तेव्हा नुकतंच संपलं होतं आणि नोकरीचं पत्र यायचं होतं. मधल्या काळात ती मैत्रिणींबरोबर एक खेळ खेळायची. त्यात एकीने गोष्ट सांगायची: एक राज्य आहे, त्यात जंगलं आहेत, भुतं आहेत, खजिने आहेत. बाकीच्यांनी त्या राज्यातला एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं. ते जमतं की फसतं, हे ठरवायला वीस बाजूंचा फासा. वीस पडले तर काहीही जमतं, एक पडला तर सरळ रस्त्यावरही पाय मुरगळतो. मी दोनतीनदा दाराआडून ऐकलं होतं. चार शिकलेल्या मुली एका पुलाखालच्या राक्षसाशी गंभीरपणे बोलत होत्या. त्या रात्री मी बायकोला म्हटलं होतं, एवढी फी भरली ती यासाठी का?

आबांची पिशवी पाचव्यांदा भरली गेली तेव्हा मुलगी म्हणाली, "आबा, खेळायला एक माणूस कमी पडतोय."

"पत्ते हायती का?"

"पत्ते नाहीत. गोष्ट आहे. तुम्ही कोण होणार ते सांगा. योद्धा, जादूगार, चोर, काहीही."

आबांनी बराच विचार केला. "मेंढक्या चालंल का?"

आबांच्या वडिलांच्या काळात त्यांच्याकडे मेंढरं होती. लहानपणी आबा कळपामागे पावसाळ्यापुरतं कुठं कुठं चालत गेले होते. पुढे कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, मेंढरं गेली. मुलीच्या पुस्तकात मेंढक्या नव्हता. तिने तो पेनाने लिहून घेतला. सामान काय काय घेणार, तर आबा म्हणाले, घोंगडं, काठी, एक कुत्रं आणि वाघर. वाघर म्हणजे कळपाभोवती लावायची जाळी. मी योद्धा झालो. साडेसहा फूट उंच, खांद्यावर केस, हातात दुधारी तलवार. मी स्वतः पाच फूट चार इंच आहे आणि एमआयडीसीत दूध डेअरीच्या प्लांटवर पहिल्या पाळीचा सुपरवायझर आहे. तिथे माझ्या हाताखालच्या माणसांना रजा नाही म्हणताना मला घाम फुटतो. केसांबद्दल नंतर कधीतरी. बायकोने वैदूपण घेतलं. म्हणाली, "जखमा बांधायला दुसरं कोण बसलंय?"

रोज चार वाजता, मी प्लांटवरून आलो की चहा, आणि चहानंतर राज्य. पहिल्याच दिवशी मुलीने नियम सांगितला: व्हरांड्यापासून गेटपर्यंत एक फेरी म्हणजे एक कोस. ज्याच्या माणसाला प्रवास करायचाय त्याने तेवढ्या फेऱ्या मारायच्या.

"आणि ह्यो लंगडा?" आबा स्वतःच्या पायाकडं बोट दाखवून म्हणाले.

"मेंढक्याला काठी आहे ना. तो वॉकर म्हणजे तुमची काठी."

आबांनी वॉकरवरचा टॉवेल काढला.

गोष्ट साधी होती. डोंगरात नदीच्या उगमाशी एक ड्रॅगन आडवा पडलाय, त्याने पाणी अडवलंय, खालची गावं कोरडी आहेत. ड्रॅगन हा शब्द आबांना पसंत नव्हता. ते त्याला पंखांची घोरपड म्हणायचे. मी पहिल्या दिवसापासून तलवार घेऊन तयार होतो. पहिल्या दिवशी मी विहिरीत पडलो. दुसऱ्या दिवशी माझ्याच घोड्याने मला लाथ मारली. तिसऱ्या दिवशी एका पडक्या देवळात मी मेलो, आणि बायकोने तिची चांगली मुळी खर्चून मला परत उठवलं. ते तिने पुढे बरेच दिवस ऐकवलं.

आबांची पद्धत निराळी. ते मुलीला विचारायचे, "ही घोरपड खाती काय? किती दिसांनी? पाण्याला कुठनं उतरती? वारं कुठनं हाय?" मुलीच्या वहीत यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं. ती बिचारी रात्री बसून ड्रॅगनचा दिनक्रम तयार करायची. मग आबा म्हणायचे, आज वाऱ्याच्या खालच्या अंगानं सहा कोस जाऊन नुसतं बघायचं. आणि सहा फेऱ्या मारायचे. दुसऱ्या दिवशी आठ. वाघरीत घोरपड कशी घ्यायची याचा त्यांचा बेत होता, आणि तो बेत तडीला जायला निदान महिना लागणार होता. बायको आणि मुलगी एकमेकींकडे बघून हसायच्या. फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या, गुडघा फारच छान वाकतोय, असंच चालू ठेवा. मलाही हे सगळं समजत होतं. खेळ चालला तर आबा राहणार, आबा राहिले तर पाय वाचणार. एवढं न समजायला मी काही मूर्ख नव्हतो.

चौथा आठवडा लागला. आबांचा मेंढक्या खडकाआड बसून तिसऱ्यांदा घोरपडीचं पाणी पिणं बघत होता. माझा योद्धा त्याच्या शेजारी सलग नऊ दिवस उकिडवा बसलेला. त्या दिवशी प्लांटवर एका पोऱ्याएवढ्या इंजिनिअरने मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, काका, तुम्ही इथे नक्की काय करता? चार वाजता खेळात मी म्हणालो, "मी तलवार काढतो आणि घोरपडीच्या अंगावर धावून जातो."

मुलीने वहीतून डोकं वर काढलं. "पप्पा, नक्की?"

टेबलाखालून बायकोचा पाय माझ्या पायावर पडला. मी फासा टाकला.

फासा वहीला आपटून साखरेच्या डब्यापाशी थांबला. वीस.

नियम म्हणजे नियम. मुलीने पडलेल्या आवाजात ड्रॅगनचं मरण सांगितलं. मान तुटली, पंख पसरले, दरीत आवाज घुमला. इतक्या दिवसांची तयारी दोन वाक्यांत संपली. मी आजूबाजूला पाहिलं. जगातल्या कुठल्याही वीराचं स्वागत इतक्या शांततेत झालं नसेल.

आबांनी चष्मा काढून पुसला. "बरं झालं. जावयानं घोरपड मारली. खेळ संपला म्हनायचा." मग बायकोकडं वळून, "उद्या सकाळच्या एसटीला बसवा मला. पावनेर लई झाला."

डॉक्टरांच्या हिशेबाने अजून अडीच आठवडे बाकी होते. बायको स्वयंपाकघरात मला एवढंच म्हणाली, "एक दिवस दम निघाला नाही?" आणि पुढचे दोन दिवस तिने तोंड उघडलं नाही.

सकाळी आबा धुतलेलं धोतर नेसून, पिशवी मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसले. मी सुट्टी टाकली होती, कारण त्यांना स्टँडवर पोचवण्याची शिक्षा मलाच होती. मुलगी चहा घेऊन आली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, "आबा, काल एक सांगायचं राहिलं. घोरपड मेली तसं नदीला पाणी सुटलं."

"सुटनारच की."

"पहिल्या गावापर्यंत आलंय."

आबांनी बशीत चहा ओतला. "आन् खालची गावं?"

"ती अजून कोरडीच आहेत. तुमच्या मेंढक्याचं गाव सगळ्यात खाली आहे."

"मग वरच्या गावानं अडवलंय म्हन की. त्या गावचा पुढारी कोन?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगतो, मला त्या क्षणापर्यंत काही माहीत नव्हतं. "पप्पा," ती म्हणाली. "घोरपड मारली म्हणून राजाने त्यांना ते गाव बक्षीस दिलंय. पाण्याच्या दारांच्या किल्ल्याही त्यांच्याकडेच."

आबांनी पिशवी मांडीवरून काढून खाली ठेवली.

बाहेरच्या वाचकाला इथे थोडं सांगायला हवं. आमच्याकडचा कालवा आधी बारामतीच्या अंगाने येतो आणि मग इंदापूरकडे जातो. वरच्याला हेड म्हणतात, खालच्याला टेल. कागदावर नियम असा की पाणी आधी टेलला पोचवायचं आणि मग वर येत यायचं. कागद चांगला आहे. आबांची सगळी हयात टेलला गेली. लेक बारामतीत दिली तेव्हा त्यांच्या भावकीतल्या एकाने भर मांडवात विचारलं होतं, "काय हो, पोरगी दिली तवा तरी पान्याची पाळी सोडतील का?" तेव्हा सगळे हसले होते. मी नवरदेव म्हणून जरा जास्तच हसलो होतो.

त्या दिवसापासून आमच्या राज्यात तलवारीला कुणी हात लावला नाही. आबा दहा कोस चालून, म्हणजे दहा फेऱ्या मारून, माझ्या गावात यायचे आणि व्हरांड्यातल्या खुर्चीसमोर उभे राहायचे.

"पाटलाला राम राम. पानी कवा सोडताय?"

"आमची उभी पिकं आहेत. ती निघाली की बघू."

दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा फेऱ्या. "आता?"

"दार दुरुस्तीला काढलंय."

"मग?"

"वरून आदेश आला की."

"तुमच्या वर कोन हाय?"

"राजा. अर्ज करा, मी पुढे पाठवतो."

मुलगी तोंडावर हात धरून लिहायची. एकदा म्हणाली, "पप्पा, तुम्ही हे सगळं कुठे शिकलात?" शिकलो कुठेच नव्हतो. हे खेळ लोकांना का आवडतात यावर मी बरंच ऐकलंय: माणसाला जे होता येत नाही ते तिथे होता येतं म्हणे. मी साडेसहा फुटी योद्धा होऊन पाहिलं, काही विशेष वाटलं नाही. पण खुर्चीत बसून, कागद न वाचता बाजूला सारून "बघू" म्हणताना अंगात जे वारं संचारलं, ते मी आजवर कधी अनुभवलं नव्हतं. ज्या माणसाला रजेचा एक अर्ज नाकारता येत नाही, तो एका अख्ख्या गावाचं पाणी अडवून बसला होता, आणि घरातले सगळे त्याच्यावर खूश होते.

खूश होतेच. कारण माझ्या प्रत्येक नकारामागे आबांच्या दहा फेऱ्या होत्या. बायको आता माझ्याशी बोलायला लागली होती. पोह्यांची दुसरी वाटी पुढे सरकवत हळूच म्हणायची, "आज नका हं सोडू." वॉकर गेला, हातात काठी आली. काठी एक दिवस गेटवर अडकवलेली राहिली, आणि आबांच्या ते लक्षातही आलं नाही. सहा आठवडे पुरे झाले तेव्हा डॉक्टरांनी आबांना चालायला सांगितलं, पाहिलं आणि म्हणाले, जा घरी.

संध्याकाळी बायको म्हणाली, "झालं. आता देऊन टाका पाणी. म्हातारा समाधानाने जाऊ दे."

"असं कसं देऊन टाकू?" मी म्हणालो. "सुनावणी रविवारी आहे."

"कसली सुनावणी?"

"कार्यपद्धती असते काही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपण कुणाच्या घरात पडलोय हे तिला त्या संध्याकाळी नव्याने समजलं असावं.

आबा गुरुवारी गेले. एसटीच्या पायरीवर उजवा, मग डावा, पाय बरोबर टाकत स्वतः चढले. बायकोचे डोळे भरून आले. "आबा, पाय बघा कसा झाला."

"पायाचं काय घिऊन बसलीस," आबा खिडकीतून म्हणाले, "चारी कोरडी हाय." मग माझ्याकडे बघून समजुतीने, "तुमचा दोष न्हाय, जावई. वरच्या अंगाची मानसं तुमी."

तीन दिवस घर मोकळं वाटलं. व्हरांडा रिकामा होता, फेऱ्या बंद होत्या. मला थोडी लाजही वाटली. पाणी सोडताना करायचं दोन वाक्यांचं भाषण मी मनात तयार केलं, आणि मुलीला म्हणालो, पुढे कधी आबा आले की देऊन टाकू.

रविवारी चार वाजता गेटची कडी वाजली. आबा होते. मागे सणसरचे आणखी दोन म्हातारे, दोघांच्याही टोप्या परीटघडीच्या. काठी कुणाच्याच हातात नव्हती. स्टँडवरून रिक्षा केली नव्हती, तिघे चालत आले होते.

"पोरी," आबा चपला काढत नातीला म्हणाले, "स्टँडापासनं हितवर किती कोस धरायचं?"

ती म्हणाली, "आबा, एवढे माझ्या नकाशातच नाहीत."

तिघे माझ्यासमोर उभे राहिले. बायको चहाचा ट्रे धरून दारात आली, तिची नजर आबांच्या पायांवर. माझं भाषण ओठांवर होतं. पण खुर्चीत बसल्यावर काय होतं कोण जाणे, तोंडातून निघालं, "लेखी अर्ज आणलाय का?"

आबांनी बंडीच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढून माझ्यापुढं टेबलावर पसरला. मजकूर नीटनेटक्या अक्षरात होता, खाली टेलच्या तीन शेतकऱ्यांच्या सह्या. त्यांच्याखाली चौथी सही होती. ती मी ओळखली. गॅसच्या पुस्तकापासून मुलीच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळीकडे मी ती पाहिलेली आहे. नावापुढे मात्र माहेरचं आडनाव होतं.

बायकोने ट्रे टेबलावर ठेवला आणि ती आबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. कप चार होते, आणि समोरचे चौघे उभे होते.

"बसा," मी म्हणालो, आणि खुर्चीतून उठलो.