आठ नंबर दोघींचा

मुरबाडच्या एका कॉलेजने निर्मलाताईंचा बास्केटबॉलचा आठ नंबर यापुढे कोणत्याही मुलीला न देता त्यांच्या नावासह भिंतीवर लावायचं ठरवलं आणि त्यांना सत्काराला बोलावलं. ताईंना मात्र अन्न गोड लागेना. त्यांच्या वेळी संघाला शर्ट पुरत नसत. निर्मला दमली की बाहेर यायची, मैत्रिणींच्या आडोशाला शर्ट उतरवायची आणि तोच घालून संघातली ठमी खेळायला धावायची. नंबर दोघींचा, नाव मात्र एकटीचं लागणार होतं.

ताई धसईजवळ ठमीच्या वाडीवर गेल्या. ठमी अंगणात भात वाळवत होती.

“चल गो, आपला सत्कार आहे.”

“आपला? जा बाय, तूच घे शाल. शर्ट घामाने चिंब करून द्यायचीस, त्याचा सत्कार मला नको!”

ताईंनी तिथूनच प्राचार्यांना फोन लावला. “सर, भिंतीवर दोन नावं लागणार असतील तरच मी येईन.” प्राचार्य जरा अडखळले, पण हो म्हणाले.

ठमीने भातात बोटं फिरवली. मग म्हणाली, “नाव माहेरचं लाव गो. ठमी जाणू वाघ. बा मजुरी बुडवून सामना बघाया यायचा, पण कालेजच्या कुंपणाच्या आत कधी नाय आला.”

ताईंनी पुन्हा फोन लावला. नाव सांगताना जाणूचं नाव त्यांनी दोनदा सांगितलं.