धरणाचे दरवाजे उघडे आहेत का?

कॉम्प्युटर लॅबच्या बाहेर चपला काढायच्या, हा आमच्या कॉलेजचा नियम होता. धुळीने मशीन बिघडतं म्हणायचे. जबलपूरच्या उन्हातून येऊन त्या गार फरशीवर पाय टेकला की डोळे आपोआप जड व्हायचे. जाड पडदे, यूपीएसची एकसारखी घरघर, निळ्या स्क्रीनवर लुकलुकणारी रेघ. पहिलं वर्ष मला अजूनही पाण्याखाली घडल्यासारखं आठवतं.

त्या गुंगीत असतानाच सरांनी सांगितलं, प्रोजेक्ट चौघांनी मिळून करायचा. माझं डोकंच फिरलं. ग्रुप म्हणजे एकाने राबायचं आणि तिघांनी नाव लावायचं, अशी शाळेपासून माझी पक्की समजूत. आमच्यातल्या दोन मुलांनी ती लगेच खरी केली. एकाने फाइलचं कव्हर आणायचं कबूल केलं, दुसऱ्याने समोसे. चौथी मुलगी बरगीची, जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या धरणाच्या गावची. तिचे बाबा धरणावर नोकरीला, घर मूळचं नागपूरकडचं, आमच्यासारखंच. ती हळू बोलायची आणि त्याहून हळू टाइप करायची.

विषय मात्र तिनेच सुचवला, बरगीच्या बोटींच्या वेळापत्रकाचा प्रोग्रॅम. त्यातला तिचा भाग एवढाच, की आज बोट सुटणार की नाही ते ठरवायचं.

"बाबा बोलून राहिले, यंदा कुठल्या विषयात अडकली तर कॉलेज सोडून घरी बस," एकदा चपला घालताना ती म्हणाली. मी "अच्छा" म्हटलं आणि सायकल काढली. मदन महलला घरी पोचेपर्यंत विसरूनही गेले.

व्हायवाच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांचे भाग जोडायला बसले. तिचा भाग सुरू होतानाच विचारायचा, धरणाचे दरवाजे उघडे आहेत का? मला हसू आलं. बोटीला त्याचं काय? मी तो प्रश्न उडवून टाकला. मग हात शिवशिवायला लागले आणि तिचा सगळाच भाग मी माझ्या पद्धतीने नव्याने लिहून काढला. तिला सांगितलं नाही. वर आपण किती उदार, अशा थाटात घरी गेले.

दुसऱ्या दिवशी परीक्षक सरांनी नेमकं तिलाच मशीनसमोर बसवलं.

"अपना हिस्सा समझाओ."

स्क्रीनवर माझ्या ओळी होत्या. तिने त्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. 'सर, हे मी लिहिलंय,' एवढंच मला म्हणायचं होतं. पण माझे मार्क कापले जातील या भीतीने मी नुसती फाइलची पानं चाळत राहिले. त्या गप्प राहण्याची लाज मला आजही वाटते.

ती वाचू लागली. कधीही न पाहिलेल्या ओळी, एकेक करून, तिच्या त्या संथ चालीत. ऐकता ऐकता मला लॅब दिसेनाशी झाली. धरणाचं रुंद पाणी दिसू लागलं, काठाला बांधून ठेवलेल्या बोटी आणि दूर कुठे तरी पाणी सोडल्याचा आवाज. मग ती थांबली.

"सर, इसमें एक गलती है. गेट खुले हों तो पानी खींचता है, नाव नहीं छूटती. ये उस दिन भी छोड़ देगा."

तिने तो प्रश्न पुन्हा टाइप केला, नेहमीसारखा एकेक अक्षर शोधत. सर घाई न करता बघत राहिले.

"लिखा किसने है ये?"

"सबने मिलके, सर."

सरांनी फाइलवर सही केली. आम्ही चौघंही पास झालो.

बाहेर चपलांच्या ढिगात ती आपली जोडी शोधत होती. मी विचारलं, "काहून नाही सांगितलं, मी बदललं म्हणून?"

"मग तू अडकली असती ना," ती म्हणाली. चपलेचा पट्टा लावून ती उठली. बरगीची बस गाठायची होती तिला. "तुझं लिहिलेलं चांगलंच होतं. फक्त एकदा मला विचारायचं होतं."