एका जागी पाच छर्रे

आमच्या गावच्या जत्रेत फुगे फोडायच्या दुकानावर मी तरुणपणी आठांपैकी सात फुगे फोडले होते. ही गोष्ट मी घरात इतक्या वेळा सांगितली आहे, की आता मी नुसतं ‘जत्रेत’ म्हटलं तरी बायको ‘सात’ म्हणून मोकळी होते. त्या सात फुग्यांच्या जोरावर, पन्नाशी ओलांडल्यावर, मी छर्ऱ्याची बंदूक घ्यायला निघालो.

कारण होतं घूस. उंदीर म्हणावा तर मांजराएवढा, आणि मांजर म्हणावं तर आमचं मांजर तिला पाहून माळ्यावर जाऊन बसायचं. आमचं गाव आसेगावच्या अंगाला. घराच्या मागच्या खोलीत लाकडी फळ्यांवर सोयाबीनची अकरा पोती ठेवलेली होती. ते विकायचं सोयाबीन नव्हतं, पेरायचं होतं. दोन वर्षांपूर्वी दुकानातून आणलेलं बियाणं उगवलं नाही आणि दुबार पेरणी करावी लागली, तेव्हापासून बायकोनं घरचंच बियाणं ठेवायचं ठरवलं होतं. मळणीच्या वेळी यंत्र हळू फिरवायला ती स्वतः उभी राहिली. फुटका दाणा हातानं वेचला. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार नाजूक, पोतं आपटलं तरी उगवण जाते, म्हणून त्या पोत्यांना हात लावायचा तर तिला विचारून लावायचा, असा घरात नियमच होता. घुशीनं मात्र कोणाला विचारलं नव्हतं. भिंतीच्या कोपऱ्यातून बीळ काढून ती सरळ खालच्या पोत्याला भिडली.

पिंजरा लावला, तिनं बाहेरूनच भजं ओढून खाल्लं. औषध बियाण्याजवळ ठेवायचं नव्हतं. शेवटी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तेव्हा बायकोनं निकाल दिला.

“आखाजीपर्यंत हे घूस गेली त गेली. नाही त सारं बियानं माह्या भावाच्या घरी नेऊन ठेवतो. त्याची खोली पक्की हाय.”

बियाणं सासुरवाडीला जाणार! म्हणजे पेरणीच्या दिवशी मेहुण्याच्या दारात गाडी लावायची, आणि तो चहा पाजत विचारणार, ‘काय जवाईबापू, घूस नाही आवरली का?’ ते मला मरेस्तोवर पुरलं असतं.

मी बंदूक घेणार ही बातमी गावात पसरली तेव्हा दोघं-तिघं येऊन म्हणाले, “भाऊ, आमच्या संत्र्यात वानरं येतात, एक चक्कर मारा.” एकानं तर सशाचं नाव काढलं. माझे आजोबा ससे, तितर मारायचे म्हणे, पण तो काळ गेला. आता कायद्यानं शिकार बंद आहे आणि ते बरंच आहे. मी सांगून टाकलं, माझी बंदूक फक्त घुशीसाठी. “एका घुशीसाठी बंदूक!” म्हणत ते हसत गेले.

आमच्याकडे महत्त्वाची खरेदी एकट्यानं करत नाहीत. बैल घ्यायचा तर जाणता माणूस सोबत लागतो. म्हणून मी इंझोरीहून माझ्या मामांना बोलावलं. मामांनी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नव्हती, पण बैलबाजारात त्यांचा शब्द चालतो. बैलाची चाल पाहून ते त्याच्या मालकाचा स्वभाव सांगतात.

अकोल्याच्या दुकानात दुकानदारानं तीन बंदुका काढल्या. तिन्ही स्प्रिंगच्या, नळी मोडून खाली दाबली की आतली स्प्रिंग ताणली जाते, मग छर्रा भरायचा. एकीला दुर्बीण होती, काळीभोर, चकचकीत, लांब. मला ती बघताक्षणी आवडली. मी ती खांद्याला लावून आरशात पाहिलं.

“लगन लावाचं हाय का तिच्यासंगं?” मामा म्हणाले. “ठेव खाली. चालवून पाहू.”

“मामा, बंदूक काय चालवून पाहता?”

“काहून? बैल उभा असला म्हंजे साराच चांगला दिसते.”

दुकानामागं एक अरुंद अंगण होतं. तिथं फळीवर पुठ्ठा लावला. पंधरा पावलं मोजली. मी बाह्या सावरून पुढं झालो तर मामांनी मला हातानं मागं सारलं आणि दुकानदाराला म्हणाले, “तुमीच मारा, शेठ. माह्या भाच्यानं मारलं त बंदुकीची परीक्षा नाही होनार, भाच्याची होईन. एकाच डब्यातले पाच-पाच छर्रे, एकीएकीले.”

दुर्बीणवालीचे पाच छर्रे पुठ्ठ्यावर चार दिशांना गेले, एक तर पुठ्ठ्यालाच लागला नाही. दुसरी जोरदार होती, आवाजच असा की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली; तिचीही भोकं वीतभर पसरली. तिसरी साधी, दस्त्यावर ओरखडे, बहुधा बरीच वर्षं दुकानात पडलेली. तिची पाच भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील अशी बसली. फक्त ती मधल्या ठिपक्यावर नव्हती. चार बोटं डावीकडं होती.

“हेच घे,” मामा म्हणाले.

“अवो मामा, हे त डावीकडं मारते!”

“दर खेपेले डावीकडंच मारते ना?”

“हो.”

“मंग काय पाह्यजे तुले? माहा ढवळा जलमभर डावीकडं ओढत होता. मी त्याले उजव्या अंगाले जुपला, बारा वर्सं वखर सरळ चालला. आज डावीकडं आन उद्या उजवीकडं ओढनारा बैल असते, त्याले मातर काही उपाय नसते. जोर पाहू नको, रंग पाहू नको. सवय एक पाह्यजे.”

दुकानदारानं हसत मागच्या माशीचा, म्हणजे नेम धरायच्या खाचेचा, स्क्रू फिरवला आणि पुढचे पाच छर्रे ठिपक्यावर बसले. छर्ऱ्यांचा डबाही त्यानं तोच दिला. “डबा बदलू नका, बंदुकीची सवय बदलते,” म्हणाला. मामांनी त्याच्याकडं आपल्या जातीचा माणूस भेटल्यासारखं पाहिलं.

घरी आल्यावर त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आधी, मी खोलीच्या दारात बसलो. समोरच्या भिंतीत बीळ, दोन्ही बाजूंना पोती. पोती हलवायची सोय नव्हती, आणि मला गरजही वाटली नाही. समोर तेलाचा रिकामा पिपा ठेवला, त्यावर बंदूक टेकवली आणि दोन्ही हातांनी घट्ट आवळली. घूस आली. मी घोडा ओढला. घूस तिथंच बसून मिशा साफ करत राहिली.

तीन दिवसांत मी सात छर्रे मारले. सातवा संपल्यावर बायको आत गेली आणि एका पोत्याजवळ वाकून बराच वेळ पाहत राहिली.

“अवो.”

“काय?”

“घुशीनं एक भोक पाडलं होतं.”

“मंग?”

“तुमी तीन पाडले.” खाली सांडलेले दाणे ती पदरात गोळा करत होती. “जत्रेतले सात फुगे कोनाच्या हातचे होते हो?”

आखाजीला पाच दिवस उरले होते. मी मामांना फोन करून सांगितलं की दुकानदारानं फसवलं, बंदूक खराब आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मामा हजर. त्यांच्या पसंतीला नाव ठेवलं होतं, ते काय घरी बसतात?

अंगणात पुठ्ठा लावून त्यांनी मला मारायला लावलं. मी पिप्यावर बंदूक टेकवून आवळली. छर्रा कुंपणात गेला.

“अबे, बंदूक धरली का चोर धरला?”

“घट्ट नको धरू?”

“तो शेठ कसा धरत होता ते तू पाह्यलंच नाही. तू भोकं मोजून राह्यला होता, मी त्याचे हात पाहून राह्यलो होतो. टेका नाही, काही नाही. खालून तळहात नुसता पसरला होता, वासराच्या हनुवटीखाली धरतो तसा. ते स्प्रिंग सुटल्यावर आंदी मांगं हिसका देते, मंग पुढं. तिची चाल तिले चालू दे. तू मधात अडवते, म्हून ते उधळते.”

मी पिपा लाथेनं बाजूला केला, मांडी घातली, कोपर गुडघ्यावर ठेवलं आणि डाव्या तळहातावर बंदूक नुसती ठेवली. बोटं मिटावीशी वाटत होती. आयुष्यभर मी जे धरलं ते आवळूनच धरलं, फवारणीचा पंप असो की मोटारसायकल. मामा शेजारी बसून दर वेळी “सोड, सोड” म्हणत होते. दुपारपर्यंत माझे पाच छर्रे चहाच्या बशीएवढ्या जागेत आले, चारच्या चहापर्यंत कपाच्या तोंडाएवढ्या. बायको दारातून पाहत होती. त्या दिवशी मामांच्या चहात साखर जास्त पडली.

त्या संध्याकाळी घूस बिळातून अर्धी बाहेर आली आणि नेहमीसारखी मिशा साफ करायला बसली. मी तळहात पसरला. एकच छर्रा. ती जागीच आडवी झाली. मला वाटलं होतं मी ओरडेन. पण मी फक्त हळूच श्वास सोडला. मामा म्हणाले, “झालं. आता बंदूक पुसून ठेव.” दुसऱ्या दिवशी बिळात काचांचे तुकडे आणि सिमेंट भरलं.

आखाजीच्या दिवशी बायकोनं उगवण पाहायला घेतली. सगळ्या पोत्यांमधून थोडे थोडे दाणे काढून तिनं शंभर मोजले, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगा मांडल्या, गुंडाळी करून ठेवली. त्या दिवसांत मी गुंडाळीवर पाणी शिंपडण्याचं काम तिनं न सांगता केलं. पाचव्या दिवशी तिनं पडवीत गोणपाट उलगडलं. पांढरे कोंब पाहून तिचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, आता मेहुण्याचं नाव कोणी काढणार नाही. ती बोटानं मोजत गेली. एक्क्याऐंशीवर थांबली.

“पेराले पुरते,” म्हणाली. मग एका रांगेत वाकून तिनं काहीतरी चिमटीत उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. दाण्याएवढाच, पण करडा, चपटा झालेला. तो छर्रा होता.

“शंभरात हा एक तुमचा मोजला गेला,” ती म्हणाली. “पाच दिवस पानी देल्लं, पन नाही उगवला.”