शेजारचा आला का?

बस निघायच्या आधी ते दाराशी उभे राहायचे, बाहेरच्या देखाव्याकडे पाठ करून, आणि हात वर करून विचारायचे, "शेजारचा आला का?"

असल्या ग्रुप टूरला तुम्हीही कधी गेला असाल, तर झेंडे हलवणारे, मुंडकी मोजणारे टूर मॅनेजर पाहिले असतील. आमच्या ह्या मॅनेजरांनी मुंडकी कधी मोजली नाहीत. प्रत्येकाला एक शेजारी नेमून दिलेला. तो दिसला की आपण "आला" म्हणायचं. सगळ्यांचे शेजारी आले की गाडी हलायची.

"नवरा-बायकोले शेजारी नाही करत मी," पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं. "एक आत राहते, एक बाहेर, अन् दोघंही म्हणतेत, मले वाटलं मागंच हाय."

गाडीतल्या बायका हसल्या. नवरे हसले नाहीत.

मी आईबाबांना घेऊन जपानला गेले होते. खरं सांगते, मला जायचं नव्हतं. मी थकले होते. बाबा दोन वर्षांपासून विसरायला लागले होते. आयुष्यभर पोस्टात टपाल वाटलेला माणूस, नागपुरातल्या अख्ख्या सक्करदऱ्यातले पत्ते तोंडपाठ, आणि आता स्वतःच्या घराच्या फाटकाशी उभा राहून मला विचारायचा, "बाई, इथं कोण राहते?" पण आईनं धोशा लावला होता. घरातल्या बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावता लावता रोज तेच. "तुझ्या बाबाले बुद्ध ओळखू येते तोवर तिथला तो मोठा बुद्ध पाहून येऊ. मग कायले जायचं?"

शेवटी मी तिघांची नावं नोंदवली. टूरच्या फॉर्मवर बाबांच्या आजारांच्या रकान्यात मी फक्त 'बीपी' लिहिलं. खरं लिहिलं असतं तर त्यांना नेलंच नसतं.

तर शेजारी वाटताना मी बाबांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. मॅनेजरांनी मला तिथून हलवलं आणि एका गुडघेदुखीवाल्या मावशींकडे पाठवलं. "काकाजीचा शेजारी मी," ते म्हणाले. कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आठ दिवस मावशींच्या गुडघ्यांची कहाणी ऐकली मात्र.

मॅनेजर मूळचे नागपूरजवळच्या उमरेडचे. पन्नाशी उलटलेली, डोळ्यांखाली काळं, एका खिशात लोणच्याच्या पुड्या, दुसऱ्यात इसबगोल. बुलेट ट्रेन स्टेशनावर मिनिटभरच थांबते म्हणून आदल्या दिवशी त्यांनी हॉटेलच्या लॉबीत आमच्याकडून तालीम करून घेतली. दोन खुर्च्या म्हणजे ट्रेनचं दार. अठ्ठावीस नागपूरकर बॅगा ओढत त्या खुर्च्यांमधून चार वेळा चढले. काउंटरवरची जपानी मुलगी तोंडावर हात ठेवून बघत होती.

फुजी पर्वत ढगांतून बाहेर आला तेव्हा सगळे ओरडले. मॅनेजर मात्र त्याच्याकडे पाठ करून आम्हालाच न्याहाळत उभे.

"अहो, मागं बघा की!" मी म्हटलं.

"बघू निवांत. आठवी खेप हाय माही, ताई. फुजीकडं पाठ अन् तुमच्याकडं तोंड, हेच माहं जपान." बोलता बोलता ते पायरीवर टेकले आणि बुटाची नाडी सैल केली. पाय सुजले होते.

कामाकुराला तो मोठा बुद्ध आहे, उघड्या आभाळाखाली बसलेला. आम्ही पोचलो तेव्हा बोचरा वारा सुटला होता. मॅनेजर तिकिटं काढायला खिडकीवर गेले. तेवढीच काय ती दोन मिनिटं. परत येऊन त्यांनी हात वर केला. "शेजारचा आला का?"

आला, आला, आला. सगळ्यांचे आले. मग त्यांनी स्वतःच्या बाजूला पाहिलं आणि त्यांचा हात तसाच वर राहिला.

माझं डोकंच फिरलं. "तुमच्या भरवशावर सोडलं होतं ना त्यांना? मी राहिले असते की त्यांच्यासोबत!" काय वाट्टेल ते बोलले मी. आणि मग त्याच दमात रडत रडत सांगूनही टाकलं, की बाबांना काही आठवत नाही, आम्ही लपवलं.

"मले नागपूरच्या विमानतळावरच समजलं होतं," ते हळूच म्हणाले. "काकाजीनं मले तीनदा नाव विचारलं. म्हणून तर शेजारी झालो. चूक माहीच हाय, ताई. चला, आधी शोधू."

आईलाच दिसले ते आधी. बूट. फाटकाच्या कडेला, भिंतीला टेकवून नीट जोडीनं ठेवलेले, आत मोज्यांच्या घड्या. दीक्षाभूमीवर स्तूपात जाताना बाबा अगदी असेच ठेवायचे. इथं बूट काढायचे नसतात, सगळं जग बूट घालून आत फिरतं, पण बाबांना कोण सांगणार?

आत धावलो. त्या अवाढव्य मूर्तीसमोर, थंडगार फरशीवर, बाबा अनवाणी उभे होते. हात जोडलेले. ओठ हलत होते. बुद्धं सरणं गच्छामि, एक शब्द न चुकता. आई त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिच्याकडे बघून ते म्हणाले, "आलो वं आपण."

आईला त्यांनी किती महिन्यांनी ओळखलं होतं. मी तिथंच उभी राहून हमसून हमसून रडले.

मॅनेजर बाबांचे बूट हातात घेऊन मागं आले होते. ते खाली ठेवून त्यांनी आधी स्वतःचे काढले आणि ते सुजलेले पाय घेऊन बाबांशेजारी उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांची पाठ आमच्याकडे होती. प्रार्थना संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग खाली बसून त्यांनी बाबांना एकेक करून मोजे चढवले.

"आठ खेपा झाल्या," उठताना ते मला म्हणाले. "आज पाह्यलं."

नागपूरला उतरल्यावर त्यांनी बाबांचा हात माझ्या हातात दिला. "आता तुमचा शेजारी," म्हणाले, आणि दुसऱ्यांच्या बॅगा उतरवायला गेले.

बाबांना आता जपान आठवत नाही. आईही आठवत नाही. मागच्या महिन्यात मी त्या मॅनेजरांना फोन लावला, सहजच, बरं वाटेल म्हणून. बायकोनं उचलला. "गेले ते," ती म्हणाली. "चार महिने झाले. झोपेतच." त्यांनी आपल्या बायकोला कुठं फिरवून आणलं होतं की नाही, हे विचारायचं राहून गेलं.

दर आठवड्याला बाबांना दवाखान्यात न्यावं लागतं. रिक्षात ते मध्ये, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी. रिक्षावाला किक मारतो, तेवढ्यात बाबा हात वर करून त्याला थांबवतात. माझ्याकडे बघतात, आईकडे बघतात, मग बाहेर रस्त्यावर नजर लावतात.

"शेजारचा आला का?"

"आला," आई म्हणते. मग रिक्षा निघते.