सरांच्या कपाळावरचा गुलाल

आमच्या नगर जिल्ह्यात गुलाल देवाला वाहतात, लग्नात उधळतात, पण खरा गुलाल निवडणुकीचा. निकालाच्या दिवशी तो कुणाच्या अंगावर होता, हे लोक पुढची निवडणूक येईपर्यंत विसरत नाहीत. उसाला तोड कधी मिळणार, पोराला नोकरी लागणार की नाही, सगळं त्यावर. मी शाळेत होते ती नव्वदीची वर्षं. निकालाच्या दिवशी आमची आई दोरीवरचे कपडे सकाळीच आत घ्यायची. वाऱ्यानं उडून आलेल्या गुलालाचंही उत्तर द्यावं लागतं, असं तिचं म्हणणं. मला तेव्हा तिचं हसू यायचं.

आमचं गाव ऊसपट्ट्यातलं. साखर कारखाना ज्यांच्या ताब्यात, शाळेची संस्थाही त्यांच्याच ताब्यात. त्यांचं निवडणुकीचं चिन्ह छत्री आणि विरोधकांचं कपबशी. मास्तरांच्या खोलीतही हीच वाटणी होती. छत्रीवाले मधल्या सुट्टीत स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा प्यायचे, कपबशीवाले पोस्टाशेजारच्या. चित्रकलेचे सर दोन्हीकडचे बॅनर रंगवायचे, म्हणून त्यांना दोन्हीकडं चहा मिळायचा आणि दोन्हीकडं शिव्याही. इंग्रजीचे सर तेवढे कुठल्याच हॉटेलात जात नसत. ते सायकल काढून घरी जायचे, कारण घरी त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली होती आणि ती त्यांच्याच हातून जेवायची.

सरांचं घर आमच्या घराला लागून होतं. वडिलांचं किराणा दुकान पुढं, त्यात नुकताच एसटीडीचा पिवळा फोन आला होता, आणि मागच्या अंगाला सरांची पडवी. त्यामुळं शाळेतले सर आणि घरातले सर दोन्ही मला पाहायला मिळाले. घरातले सर सकाळी आईला लहान लेकरासारखं उचलून उन्हात बसवायचे, तिची वेणी घालायचे. काकू म्हणजे सरांच्या बायको. त्यांची कंबर धरलेली असायची, त्यांना ते वजन झेपायचं नाही. दोन मुली सासरी दूर. सरांची आई, आमची आजी, मात्र खुशीत असायची. "माझं पोरगं वेणी लई घट्ट घालतं," अशी तक्रार ती कौतुकानं करायची.

शाळेतल्या सरांची एक तऱ्हा होती. इंग्रजीचा धडा ते वर्गात वाचून घ्यायचेच नाहीत. पुस्तक हातात घेऊन मैदानातल्या लिंबांभोवती चालायचं आणि मोठ्यानं वाचायचं, सगळ्यांनी एकदम. बसून वाचताना शेजारचा हसेल म्हणून लाज वाटते, चालताना जो तो आपल्या नादात असतो, असा त्यांचा हिशेब. कुंपणापलीकडून जाणारे लोक म्हणायचे, "सरांची मेंढरं चरायला निघाली." म्हणू देत. भाकरी खाऊन बेरड झालेली आमची जीभ त्या चालण्यातच इंग्रजीला वळली.

त्या चरणाऱ्यांतलाच एक जुना विद्यार्थी होता. त्याला सगळे पाथर्डीचा म्हणत. त्याचे आईबाप कोयता घेऊन दरवर्षी पाथर्डीहून आमच्याकडं ऊस तोडायला यायचे आणि हंगाम संपला की परत जायचे. पोरगं हुशार, पण असं अर्धं इथं अर्धं तिथं कसं शिकणार? सरांनी त्याला आपल्या पडवीत ठेवून घेतलं. आजी तेव्हा हिंडती-फिरती होती, तिच्या हातची भाकरी खाऊन तो वाढला. इंग्रजीत दोनदा गचकला, पण सरांनी सोडलं नाही, दहावी पास करूनच घेतलं. पुढं तो कपबशीच्या एका पुढाऱ्याकडं ट्रॅक्टरवर ड्रायव्हर लागला.

मी नववीत असताना कारखान्याची निवडणूक झाली आणि कधी नव्हे ते छत्री पडली. शाळा लवकर सुटली. आम्ही मुली घोळक्यानं घरी निघालो होतो, पुढं सर सायकल हातात धरून चालत होते. वेशीजवळ कपबशीची मिरवणूक समोर आली. ताशाच्या पुढं पाथर्डीचा नाचत होता, डोळ्यांच्या पापण्यासुद्धा गुलाबी. त्यानं सरांना बघितलं, नाचायचा थांबला, गर्दीतून वाट काढत आला आणि रस्त्यातच त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठला आणि मुठीतला गुलाल हळूच त्यांच्या कपाळाला लावला. सर हसले. त्याच्या पाठीवर थाप मारून पुढं निघाले. गुलाल पुसला नाही. घरी जाऊन आजीला जेवू घातलं, तेव्हाही तो कपाळावर तसाच होता.

गावानं बघायचं ते बघितलं होतं. कारखाना गेला तरी शाळेची संस्था अजून छत्रीकडंच होती, आणि हरलेल्या माणसाला राग काढायला जवळची जागा लागते. चारच दिवसांत बोलवा उठली की इंग्रजीच्या सरांची बदली होणार, पार अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या शाखेत, जिथं दवाखाना नाही आणि अंथरुणावरच्या म्हातारीला नेता येणार नाही.

मुख्याध्यापक सरांच्या घरी आले, त्या संध्याकाळी मी आजीच्या खाटेशी बसले होते. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हता, फक्त घाबरट होता.

"सर, संस्थेच्या मीटिंगमध्ये एवढंच बोला की गुलाल जबरदस्तीनं लावला. चेअरमनचा राग तिथंच मिटतोय. बदलीचं मी बघतो."

"आणि पोराचं?" सरांनी विचारलं.

"पोराचं काय?"

"जबरदस्ती म्हटलं की शिक्षकाच्या अंगावर गेला म्हणून केस. ह्यांना कपबशीचं कुणीतरी पाहिजेच हाय. तुम्हाला काय मी सांगायचं?"

मुख्याध्यापकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आणि जबरदस्ती झालीच न्हाई," सर म्हणाले. "त्याचा हात पुरत नव्हता. मी मान खाली केली."

मुख्याध्यापक गेल्यावर काकू बाहेर आल्या. "आईंना उचलायचं कुणी? मी? एक वाक्य बोलायला जीभ झडती का तुमची?"

"वाक्य एक, पण पोरगं जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवील."

"त्याला मिरवायला कुणी सांगितलं हुतं? त्याच्यापायी आईला सोडून जाणार तुमी. तिचं काही बरंवाईट झालं तर तोंड तरी बघायला मिळंल का?"

सर उठून आजीचं पांघरूण सारखं करायला लागले. आजी खाटेवरून विचारत होती, "काय झालं रं?" कुणी तिला सांगितलं नाही. मला त्या वेळी काकूंचंच पटलं. खरं बोलणं चांगलं, पण ते बोलायचा भुर्दंड खाटेवरच्या म्हातारीनं का भरायचा? आज इतक्या वर्षांनीही मला काकूंचं निम्मं पटतंच.

जिंकलेले कपबशीवालेही जीप घेऊन आले. "सर, तुमी फक्त हो म्हणा, आपण रास्ता रोको करू, शाळा बंद पाडू." सरांनी हात जोडले. पोरांची शाळा बंद पाडून मला काय मिळणार, म्हणाले. जीपवाल्यांनी चहा घेतला, आजीच्या पाया पडले आणि गेले, ते काही पुन्हा उगवले नाहीत. गुलाल त्यांचा आणि बदली आमच्या सरांची.

मीटिंग झाली. सर जे घडलं तेच बोलले. बदली झाली, तीही वर्षाच्या मधेच. शेवटच्या तासाला आम्ही पुस्तकं घेऊन मैदानात चालायला लागलो, पण वाचलं कुणीच नाही. नुसतेच चाललो. सरही बरोबर चालत होते. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "नव्या सरांना त्रास देऊ नका."

जायच्या आदल्या दिवशी पाथर्डीचा आला आणि दारात उकिडवा बसला. "सर, मी जातो चेअरमनकडं. सांगतो माझी चूक हाय म्हणून."

"तुझी कसली चूक? पाया पडणं चूक असतं का? कामाला जा."

तो कामाला गेला, पण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ट्रॅक्टरवर जायच्या आधी सरांच्या घरी यायला लागला. आजीला उचलायचा, उन्हात बसवायचा, काकू अंथरूण झटकायच्या, मग परत खाटेवर ठेवायचा. काकू त्याच्याशी बोलत नसत. दार उघडायच्या आणि पाठ फिरवायच्या. तोही खालमानेनं काम उरकून जायचा. आजी त्याला रोज एकच विचारायची, "माझा आला का?" तो रोज सांगायचा, "येतोय आजी. एस्टीत बसलाय." असं कित्येक महिने चाललं. एक दिवस काकूंनी काही न बोलता त्याच्यापुढं चहाचा कप ठेवला. त्या दिवसापासून त्याला चहा सुरू झाला, बोलणं मात्र नाहीच.

सर सुट्टीला यायचे तेव्हा आजी पोटभर जेवायची. एरवी दोन घास खाऊन तोंड फिरवायची. मी भरवून बघितलं, आमच्या आईनं भरवून बघितलं. पावसाळा लागला आणि सरांचं येणं कमी झालं. तिकडचा पाऊस आमच्या इकडच्या माणसाला कळणारच नाही, आठ-आठ दिवस एस्टी बंद असते. आजी भिंतीकडं तोंड करून पडायला लागली.

मी दहावीत होते. श्रावण सरत आला होता. सकाळी पाथर्डीचा नेहमीसारखा आजीला उचलायला आला आणि त्यानं तिला उचललं, तसंच परत हळू खाली ठेवलं. "काकू," एवढंच म्हणाला. काकूंना कळलं.

वडिलांनी फोन लावायला घेतला. तिकडच्या गावात एकच फोन होता, पोस्टमास्तरांच्या घरातल्या पोस्टात, आणि लाइन मुकी. पाथर्डीच्यानं मालकाची मोटारसायकल मागून घेतली आणि सरांना आणायला निघाला. सगळी आळी दारात बसून राहिली. दिवस कलला तेव्हा तो परतला, गुडघ्यापर्यंत चिखल, एकटाच. "घाटात दरड पडलीय," म्हणाला. "पायी जातो म्हटलं, तर पोलिसांनी माघारी लावलं."

आता थांबण्यात अर्थ नव्हता. भावकीतले लोक कुजबुजायला लागले की दिवस मावळायच्या आत उरकलं पाहिजे. सरांचे एक चुलतभाऊ मडकं धरायला पुढं झाले. हे गृहस्थ छत्रीचे. बदलीच्या वेळी समोरून जाताना मान वळवायचे. पण अशा वेळी कोण कुणाला अडवतं? काकूंनी अडवलं.

"तुमी न्हाई भाऊजी. तो धरंल."

तो म्हणजे कोण, हे कळायला लोकांना जरा वेळ लागला. पाथर्डीचा भिंतीला टेकून उभा होता. कुणीतरी मागून म्हणालं, "वहिनी, जातगोत तरी बघा."

"ह्यांनी त्याच्यापायी जिवंत आईला सोडलं," काकू म्हणाल्या. "मग तो त्यांचा कोण झाला, तुमीच सांगा."

चुलतभाऊ मागं सरले. पाथर्डीच्यानं चपला काढल्या आणि मडकं हातात घेतलं. आमच्याकडं बायका स्मशानात जात नाहीत. आम्ही आळीच्या तोंडाशी उभ्या राहिलो आणि ती माणसं ओढ्याकडं वळेपर्यंत बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे फोन लागला. मयताची बातमी फोनवर सांगायची नसते, अशी आमच्याकडं रीत. सांगणाऱ्याची जीभ जड होते आणि ऐकणारा एकटा असतो, म्हणून. वडिलांनी पोस्टातल्या माणसाला एवढंच सांगितलं, "सरांना म्हणावं, आईची तब्येत जास्त हाय, निघून या."

त्यामुळं सर आशेवर आले. दरडीचा राडारोडा पायी ओलांडून, मग दुधाच्या गाडीतून, मग एस्टीनं. दुपारी ते आळीत शिरले तेव्हा भराभर चालत होते. हातात कापडी पिशवी होती. तिकडचा तांदूळ होता तिच्यात, आजीला मऊ भात चालतो म्हणून आणलेला. ते आमच्या दुकानावरून गेले तेव्हा वडील गल्ल्यावरून उठून उभे राहिले.

अंगणात पाथर्डीचा बसला होता. सर आत जायला निघाले आणि त्याचं मुंडण केलेलं डोकं त्यांना दिसलं. ते तिथंच थांबले. कुणी काही सांगायची गरज उरली नाही. तो उठून उभा राहिला. सरांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, बराच वेळ फिरवत राहिले.

"माझं काम तू केलंस," ते म्हणाले. "चांगलं केलंस. पण मला माझ्या आईचं तोंड दिसलं न्हाई रे."